दहा मुक्काम

रुद्रप्पांनी कलम सातवर आडवी रेघ मारली, पेनाला टोपण लावलं आणि कागद संघपालच्या पुढ्यात सरकवला.

“बाकी समदं बराबर हाय. हे येवढं खोटं हाय.”

संघपाल बनसोडेने चष्मा कपाळावर चढवला. सोलर कंपनीचा वकील म्हणून वळसंगच्या या सोप्यात बसायची त्याची ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला रुद्रप्पांनी एकोणतीस वर्षांच्या मुदतीवरून अर्धा दिवस खाल्ला होता. करार संपेल तेव्हा आपण एकशेतीन वर्षांचे असू आणि जमीन ताब्यात घ्यायला चालत येऊ, असं त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं. दुसरी खेप विहिरीवर गेली. आणि आज हे कलम सात. आजवर एकवीस शेतकऱ्यांनी सह्या केल्या होत्या आणि त्यांतल्या एकानेही त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

कलम तसं साधं होतं. या जमिनीवर मालकाशिवाय दुसऱ्या कोणाचाही ताबा, वहिवाट, रस्ता किंवा चराईचा हक्क नाही, अशी हमी मालकाने कंपनीला द्यायची.

“यात खोटं काय, अण्णा? सातबारा तुमच्या एकट्याच्या नावावर आहे.”

“सातबाऱ्यावर हाय. पर येडू येतोय की.”

“येडू कोण?”

चहा घेऊन आलेल्या बसम्मा दारातच थबकल्या. नवऱ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, कपबशा खाली ठेवल्या आणि आत गेल्या.

येडू बिरा वाघमोडे हे माळशिरसकडचे धनगर. माघात ज्वारीची काढणी उरकली की मेंढरं, घोडी, पोरंबाळं घेऊन ते पूर्वेकडे उतरायचे आणि रुद्रप्पांच्या बावीस एकरांत दहा मुक्काम करायचे. जाळ्याची वाघर लावून मेंढरं रोज नव्या जागी बसवायची, म्हणजे दहा दिवसांत सगळ्या रानाला लेंडीखत मिळायचं. त्या बदल्यात रुद्रप्पांच्या घरून ज्वारी जायची आणि एका दिवशी सगळ्या तळाला जेवण. हे रुद्रप्पांच्या वडिलांच्या आधीपासून चालत आलेलं होतं. कागदावर एक अक्षर नव्हतं.

“मग ती तुम्ही दिलेली परवानगी झाली,” संघपाल म्हणाला. “परवानगी म्हणजे हक्क नव्हे. कलमाला काही अडचण नाही.”

“परवानगी?” रुद्रप्पांना तो शब्दच आवडला नाही. “त्यानं कवा इच्यारली न्हाई, म्या कवा दिली न्हाई. त्याच्या बापानं माझ्या बापाला इच्यारली न्हाई. तो येतोय, बसतोय, जातोय. ह्याला परवानगी म्हनत्यात व्हय वकीलसाहेब?”

संघपालला हसू आलं. वहिवाटीचा हक्क कशाला म्हणतात हे कायद्याच्या पुस्तकात पान-दीड पान खर्चून सांगितलेलं असतं. ते या माणसाने चहा गार व्हायच्या आत सांगून टाकलं होतं.

पण हसून भागणार नव्हतं. रुद्रप्पांची जमीन प्रकल्पाच्या बरोबर मधोमध होती. दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या होत्या, खांबांचे ट्रक होटगीपर्यंत येऊन पडले होते. महिनाअखेरपर्यंत हा करार झाला नाही तर कंपनी ही जमीन वगळून नकाशा बदलणार होती. मग चारी बाजूंनी तारेचं कुंपण आणि मध्ये हे बावीस एकर मुरमाड. रुद्रप्पांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. मुलगा मंजुनाथ पिंपरीला, तो दर रविवारी फोन करून ‘विकून टाका’ म्हणायचा. भाडेपट्ट्यात निदान सातबाऱ्यावरचं नाव तरी राहणार होतं, आणि त्यासाठी रुद्रप्पा राजी झाले होते.

“त्यांची नाहरकत आणली तर सही कराल?” संघपालने विचारलं.

रुद्रप्पांनी मिशीवरून बोट फिरवलं.

“त्याला हितं बोलवा. माझ्यासमोर काय ते बोलू द्या. मग करतो की.”

“नंबर?”

“फोन लागत न्हाई त्याचा. तुमी वकील मानूस, काडा हुडकून.”

संघपालने गाडी चालू केली, तेव्हा रुद्रप्पा ओट्यावर उभे राहून हात करत होते. करार अडवून धरलेल्या माणसाच्या मानाने ते जरा जास्तच खुशीत दिसत होते.

नंबर शोधायला दोन दिवस लागले. माळशिरसच्या एका ओळखीच्या वकिलाकडून वाघमोड्यांची वस्ती कळली आणि तिथून येडूबांचा मुलगा बिरुदेव सापडला. तो साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. ‘वळसंग’ म्हणताच बिरुदेव म्हणाला, “आबांस्नीच देतो.”

“रुद्राण्णा बरं हायती न्हवं?” हा येडूबांचा पहिला प्रश्न.

“बरे आहेत. कागदाचं काम आहे. याल का?”

“येतो की,” येडूबा म्हणाले. कागद कसला, हे त्यांनी विचारलंच नाही.

सोलापूरच्या एसटी स्टँडवर ते उतरले ते दोन्ही हातांनी दांड्याला धरून, एकेक पायरी. पांढरं धोतर, लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. माघातल्या उन्हात घोंगड्याचं काही काम नव्हतं. गाडीत बसल्यावर त्यांनी ते मांडीवर घडी करून ठेवलं आणि होटगी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

होटगीचं रेल्वे फाटक बंद होतं. संघपालने इंजिन बंद केलं. त्याचे वडील याच स्टेशनच्या हद्दीत गँगमन होते, आणि लाइनीच्या कडेच्या क्वार्टरात त्याचं सगळं लहानपण गेलं होतं. माघात कधीतरी सकाळी फाटकापाशी मेंढरं येऊन थांबायची. गाडी निघून गेली तरी फाटक उघडल्यावर मेंढरांना रूळ ओलांडायची घाई नसायची, आणि त्याचे वडील हातातली हिरवी झेंडी काखेत मारून ‘हुर्र हुर्र’ करत त्यांना पलीकडे काढून द्यायचे. शाळेला उशीर होण्याचं तेवढं एक कारण मास्तर ऐकून घ्यायचे. हे सगळं त्याला वर्षानुवर्षं आठवलं नव्हतं. आता ते एकदम आठवलं.

“तुम्ही याच फाटकातून यायचात का, येडूबा?”

“ह्याच. गेटावर एक उंच मानूस असायचा. मेंढरांवर वरडायचा न्हाई.”

तो माणूस आपलाच बाप होता, असं संघपालला ठरवून टाकावंसं वाटलं. त्याने ठरवून टाकलं.

वळसंगला रुद्रप्पा ओट्यावर उभेच होते. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. लग्नाला निघाल्यासारखे. येडूबा गाडीतून उतरले, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि दोघे एकमेकांसमोर हातभर अंतरावर थांबले.

“वाळलास,” रुद्रप्पा म्हणाले.

“तुमी तर कुटं भरलाय, अण्णा.”

भेट झाली ती एवढीच. बसम्मांनी मात्र आतून येत, ये, बस, अशा अर्थाचं कानडी “बा येडू, कुंदर” म्हणत त्यांना घोंगडी अंथरलेल्या बाजेवर बसवलं. त्यांच्या पुढ्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही ठेवलं, आणि ते खाईपर्यंत वकील, कंपनी, करार यांतल्या कोणाचीही डाळ शिजू दिली नाही.

जेवण झाल्यावर तिघे रानात गेले. ज्वारी काढून झाली होती, धसकटं उभी होती. शेजारच्या रानात कंपनीचे खांब रांगेने ठोकलेले होते आणि त्यांच्यावरून ऊन चकाकत होतं. येडूबांनी तिकडे पाहायचं टाळलं. ते रुद्रप्पांच्या बांधावरून आत शिरले आणि एकदम भरभर चालायला लागले. एसटीच्या पायऱ्या उतरताना दिसलेले गुडघे ते हेच का, असा प्रश्न पडावा.

“पैला मुक्काम हितं. वाघर अशी, ह्या धोंड्यापासनं त्या बांदापत्तुर. घोडी तितं. दुसरा मुक्काम वरल्या अंगाला. तिसरा...”

“तिसरा त्या लिंबाखाली,” रुद्रप्पा म्हणाले. “तितंच तुझा जलम.”

“माझा जलम अण्णांनी बगितलाय,” येडूबा संघपालला म्हणाले. “सोता दोन वर्सांचे हुते.”

“बगितलाय की! माझी आई ऊन पानी घेऊन पळाली. तुझा बाप मेंढरांत जाऊन लपला.”

“बगा वकीलसाहेब. अण्णांस्नी समदं आटवतंय. झाल्यालं आनि न झाल्यालंबी.”

दोघेही हसले. रुद्रप्पा खाली वाकले, धसकटाजवळची माती उचलून त्यांनी तळव्यावर पसरली आणि बोटाने चाळली. तळ उठल्यावर सकाळी रान कसं काळंशार दिसायचं, अनवाणी चाललं तर पायाला कशी ऊब लागायची, आणि येडूचा कळप बसलेल्या रानातली ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायची, हे ते सांगत राहिले. शेजारचे शेतकरी मधल्या मुक्कामाला येऊन येडूच्या बापाची मनधरणी करायचे, दोन मुक्काम आमच्याकडे करा म्हणायचे. आणि तो म्हणायचा, आमचं मोजून ठरलंय. ते कोणी मोजलं आणि कधी ठरलं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ऐकताना संघपालला वाटलं, आपण आयुष्यभर करार लिहिले, पण इतकी वर्षं चोख पाळलेला एकही लिहिला नाही.

लिंबाच्या सावलीत बसून त्याने नाहरकतीचा मसुदा काढला. येडूबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचून दाखवला. ‘सदर जमिनीवरील चराईचा व तळाचा हक्क मी स्वखुशीने कायमचा सोडून देत आहे.’

येडूबा ऐकत होते.

“सोडला म्हून लिवलंय. मंग आदी हक्क हुता, असं लिवलंय का?”

“त्याचा अर्थ तोच होतो. असल्याशिवाय सोडणार कसा?”

“म्हंजे कंपनीला मान्य हाय, हक्क हुता म्हून?”

“कागदापुरतं, हो.”

“मान्य हाय तर मंग सोडू कशाला?” येडूबा म्हणाले.

संघपालने रुद्रप्पांकडे पाहिलं. समजावून सांगण्याची पाळी आता त्यांची होती. रुद्रप्पा लिंबाच्या शेंड्याकडे बघत होते.

“माझे दहा मुक्काम ऱ्हायला पायजेत,” येडूबा म्हणाले. आवाज मऊच होता, पण त्यात वाव नव्हता. “बाकी कंपनीनं काय बी करावं.”

“अहो, इथे सगळं पॅनलने झाकलं जाणार आहे. कुंपण, फाटक, पहारेकरी. मेंढरं बसवणार कुठे?”

“ते तुमी बगा. तुमी शिकल्यालं.”

“अण्णा, तुम्ही तरी सांगा.”

“म्या काय सांगू? त्याचं खोटं हाय का?”

त्या दुपारी संघपाल दोघांवरही चिडला. महिना संपायला चार दिवस उरले होते. दोन म्हातारे लिंबाखाली बसून आडमुठेपणा करत होते, आणि त्यात त्यांना गोडीही वाटत होती. त्याने नकाशा उघडला तो निव्वळ रागाने, जागाच नाही हे बोट ठेवून दाखवायला. आणि बोट ओढ्याच्या कडेला थांबलं. तिथून वरून उच्चदाबाची तार जात होती. तारेखाली पॅनल बसवत नाहीत. तो पट्टा कंपनीच्या नकाशात नुसताच कुंपणात घेतलेला, पण रिकामा होता. तीस गुंठ्यांचा.

त्याने तिथूनच पुण्याला फोन लावला. कंपनीच्या कायदा विभागातल्या पूनम मॅडम आधी हसल्या, मग वैतागल्या, मग मुद्द्यावर आल्या. पट्टा कुंपणाबाहेर काढायला हरकत नव्हती, मात्र त्याचं भाडं मालकाला मिळणार नाही. वर्षातून ठरलेले दहा दिवस. फक्त मेंढ्या, शेळी एकही नाही, कारण शेळी कुंपण ओलांडून पॅनलवर चढते. आणि जास्तीत जास्त किती मेंढ्या, तो आकडा करारात हवा.

“पण सर, मालकाचा यात फायदा काय?” त्यांनी विचारलं. “पीकच नसेल तर खत कशाला?”

“विचारतो,” संघपाल म्हणाला. आणि त्याने विचारलंच नाही. भाडं जाणार हे मात्र त्याने रुद्रप्पांना दोनदा स्पष्ट सांगितलं. रुद्रप्पांनी हाताने माशी वारावी तसं केलं.

“येडूबा, मेंढरं किती? मला अंदाज नको, खरा आकडा सांगा.”

घोंगड्याच्या काठाचा एक धागा येडूबांनी बोटाला गुंडाळला, परत सोडला.

“लिवा... ऐंशी.”

“ऐंशी कुटली?” रुद्रप्पा उसळून म्हणाले. “शंबर लिवा. ह्याच्या कळपात शंबराखाली कवा मेंढरू बगितलं न्हाई म्या.”

“न्हाई अण्णा. ऐंशीच. उगं जादा कशाला?”

“जादा कुटं? कोकरं धरलीस का?”

“कोकरं धरून ऐंशी.”

“कमी सांगतोय वकीलसाहेब. पयल्यापासनं ह्याची सवय हाय, कमी सांगायची.”

बराच वेळ हे चाललं. शेवटी ऐंशीवर थांबलं. संघपालने आकडा लिहिला, पुढे कंसात अक्षरी लिहिला, आणि येडूबांना पुन्हा एकदा वाचून दाखवला. ‘कमाल ऐंशी मेंढ्या.’ येडूबांनी डोळे मिटून मान हलवली. जुनी ओळख पटावी तशी.

परतीच्या वाटेवर येडूबा खिडकीबाहेर बघत होते. संघपाल मात्र खुशीत होता. एवढ्या वर्षांच्या वकिलीत दोन्ही पक्षांना हवं ते दिल्याचा प्रसंग त्याच्यावर फारसा आला नव्हता.

“मग पुढच्या माघात भेटू,” तो म्हणाला. “मेंढरं घेऊन याल तेव्हा फाटकापाशी येईन मी. बघायचीत मला एकदा.”

येडूबांनी खिडकीची काच खाली करायचा प्रयत्न केला. जमेना. संघपालने इकडून बटण दाबून ती खाली केली.

“मेंढरं न्हाईत,” येडूबा म्हणाले.

“म्हणजे?”

“इकली. दोन साल झाली. सांगुल्याच्या बाजारात. बिरुदेव म्हनला, आबा, गुडगं चालंनात, वाटंनं रान ऱ्हायलं न्हाई, जिकडं तिकडं तारा. खोटं न्हवतं त्याचं. एका दिसात समदी गेली.”

संघपालने गाडी बाजूला घेतली. मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत निघून गेला.

“मग हे काय केलंत, येडूबा? दुपारभर भांडलात. मी पुण्यापर्यंत... दहा मुक्काम, ऐंशी मेंढरं...”

“शेवटाला ऐंशीच हुती,” येडूबा म्हणाले. “त्ये खोटं न्हाई सांगितलं.”

मग त्यांनी घोंगड्यावरून हात फिरवला.

“दोन साल जीव निसता वर-खाली व्हतोय माघ लागला की. एसटीनं यीन म्हनलं, तर कोन म्हून येऊ? पावना म्हून? आमी वळसंगला कवा पावना म्हून ग्येलो न्हाई, वकीलसाहेब. आमी तळावर जायचो. मोकळ्या हातानं दारात हुबं ऱ्हायलं तर अण्णांच्या ध्येनात येनार, मंग ते सांबाळून घेनार, आनि मला त्ये सोसायचं न्हाई. आता कसं, कागदावर हाय. माझी जागा हाय. मेंढरं मागनं येत्यात म्हनायचं, आनि दोन दीस बसून जायचं.”

“आणि अण्णांनी विचारलं, तर?”

“त्यास्नी ठाव न्हाई. तुमी सांगू नका. शप्पत हाय तुमाला.”

एसटीत बसवून दिल्यावरही संघपाल स्टँडवर रेंगाळला. त्याला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त संकोच वाटत होता. म्हाताऱ्याने विश्वासाने सांगितलं होतं. पण तिकडे रुद्रप्पा एका नसलेल्या कळपासाठी एकोणतीस वर्षं तीस गुंठ्यांवर पाणी सोडणार होते. हे ठाऊक असताना त्यांच्यापुढे सहीला कागद ठेवायचा, म्हणजे फसवणूकच. घरी बायकोला त्याने विचारलं. ती म्हणाली, सांगून टाका, म्हातारी माणसं आहेत, दोन दिवस रुसतील. सकाळी निघताना त्याने ठरवलं, सांगायचं. शपथेचं आपण बघून घेऊ.

सोप्यात बाज उन्हाला काढलेली होती. संघपालने टाइप करून आणलेला करार पुढे ठेवला. रुद्रप्पांनी चष्मा लावून पहिल्यापासून वाचायला घेतला, ओळीवर बोट ठेवून. कलम सात आता वेगळं होतं, ‘परिशिष्टात नमूद केलेली तळाची वहिवाट वगळून’. तिथे त्यांनी थांबून मान डोलावली. परिशिष्ट त्यांनी दोनदा वाचलं.

“अण्णा, सहीच्या आधी एक सांगायचंय,” संघपालने घसा साफ केला. “त्या तीस गुंठ्यांचं. येडूबांची मेंढरं...”

“हां, मेंढरांवरनं बरी याद केली,” रुद्रप्पांनी त्याला मध्येच तोडलं. “हितं एक वळ घाला. घालता येईल न्हवं अजून?”

“कुठली ओळ?”

रुद्रप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. दोन्ही काचा. मग परत एकदा.

“मेंढरांचं काय सांगावं, वकीलसाहेब. रोगराई येतीया, लांडगा पडतोय. येकांद्या साली मेंढरं नसली, तरी बी मानसाचा मुक्काम व्हावा, असं टाका. दर साली नसली, तरी बी. कंपनीच्या पहारेकऱ्यानं मेंढरं कुटं हायती म्हून इच्यारायचं न्हाई.”

संघपाल त्यांच्याकडे बघत राहिला. रुद्रप्पा दाराबाहेर, उन्हात वाळणाऱ्या बाजेकडे बघत होते. आतल्या खोलीत बसम्मांच्या हातातली परात वाजायची थांबली होती.

“कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?” त्याने हळूच विचारलं.

“कशाचं?” रुद्रप्पा म्हणाले. आणि मग, बाजेवरची नजर न काढता, “दोन साल वाट बगितली की.”

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांनी खटपट केली नाही. संघपालनेही दुसरीकडे पाहिलं नाही. एकवीस जणांनी न वाचता सही केलेलं एक कलम या माणसाने का अडवून धरलं होतं, ते त्याला आत्ता कळलं. सापडत नसलेला एक मित्र हुडकून आणायला त्यांच्याकडे दुसरा उपाय नव्हता. कंपनी होती, वकील होता, त्यांनी तो कामाला लावला.

त्याने पेन काढलं आणि परिशिष्टाच्या खाली हाताने ओळ लिहिली: ‘रोगराईने किंवा अन्य कारणाने कोणत्याही वर्षी कळप नसला तरी येडू बिरा वाघमोडे यांचा दहा दिवसांचा मुक्काम अबाधित राहील व त्याबाबत कोणी विचारणा करणार नाही.’ पुण्याला काय सांगायचं ते पुढे बघता आलं असतं. रुद्रप्पांनी ओळ वाचली आणि शेजारी लहान सही केली. मग एकेक पान उलटत सगळीकडे केली, सावकाश, शेवटचं अक्षर ओढून.

कागद गोळा करताना संघपालची नजर वरच्या आकड्यावर गेली.

“आता ही ऐंशीची अट कशाला? काढून टाकतो. नोंदणीच्या आधी पान बदलता येईल.”

रुद्रप्पांनी कागदावर हात ठेवला.

“नगं. सोमवारी नोंदनीला त्यो येनार, तवा तुमी त्याला समदं मोट्यानं वाचून दाखवनार न्हवं?”

“दाखवावंच लागतं.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “ऐंशीच वाचा.”